पंडितनाना आणि चौथी मूठ

सुरतेतल्या आमच्या सोसायटीत चोऱ्या होत नाहीत. चोर जाऊ द्या, साधा पाहुणासुद्धा आमच्याकडे सुखासुखी येऊ शकत नाही. तळमजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी, पंडितनाना खुर्ची टाकून बसलेले असतात.

गेल्या वर्षी माझा मेहुणा अमित नाशिकहून आला. नानांनी त्याला खालीच अडवला. कुठून, कोणत्या गाडीनं, कुणाकडे, किती दिवस. तो दोन जिने चढून वर पोचेपर्यंत नाना आमच्या खिडकीखाली उभं राहून माझ्या बायकोला ओरडून सांगत होते, "मंगलाताई, भाऊ सांगतोय दोन दिवस, पण बॅग महिन्याची आहे. बायकोशी भांडून आलाय. आल्या आल्या काही विचारू नका, आधी जेवू घाला."

सगळ्या सोसायटीनं ऐकलं. आणि नाना बरोबर निघाले, दुःख ते आहे. अमित एकतीस दिवस राहिला.

नाना मूळचे खानदेशातल्या शिंदखेड्याकडचे. छप्पन साली पोलिसांत भरती झाले तेव्हा सुरत मुंबई राज्यातच होती. साठ साली राज्याचे दोन तुकडे झाले आणि नाना इकडच्या, गुजरातच्या तुकड्यात राहिले. "मी हललो नाही, सरहद्द हलली," असं ते म्हणतात. सदतीस वर्षांत शिपायाचे जमादार झाले. शेवटची पंधरा वर्षं डी-स्टाफला, म्हणजे साध्या कपड्यांत फिरून गुन्हे शोधणाऱ्या तुकडीत. साधे कपडे म्हणजे एक राखाडी सफारी. उधना दरवाज्यापासून सचिन गावापर्यंतचे झाडून सगळे खिसेकापू तो सफारी लांबूनच ओळखत. एकानं तर म्हणे दिवाळीला हात जोडून सांगितलं होतं, "जमादारसाहेब, यंदा तरी नवा शिवा. आम्हालाच लाज वाटते."

त्र्याण्णव साली निवृत्त झाले, पण चौकशी काही सुटली नाही. दूधवाला, केबलवाला, महापालिकेचा झाडूवाला, सगळ्यांचे जबाब होतात. माझे तर रोज होतात. मी बँकेतला माणूस, सहाला घरी येतो, आणि चहा बहुतेक वेळा नानांकडेच पितो. चहाबरोबर एक वाक्य ठरलेलं, "मुकुंदराव, सदतीस वर्षांत एकही चुकीचा माणूस मी धरला नाही." आत सुंदरावहिनींच्या हातून त्याच वेळी नेमकं एखादं भांडं पडतं. हा योगायोग मी बरीच वर्षं पाहतो आहे.

तर गोष्ट पंच्याण्णवच्या जुलैतली. प्लेग येऊन गेल्यानंतर शहर नुकतंच घासूनपुसून निघत होतं, आमच्या गल्लीतसुद्धा रोज झाडू फिरत होता, आणि त्यामुळे नानांना विचारपूस करायला एक माणूस वाढला होता. अशाच एका संध्याकाळी बाविशीची एक मुलगी जिन्याशी आली. पर्स खांद्याला, तोंडावर दिवसभराच्या कामाचा शीण. नानांनी तिला विचारायच्या आत तिनंच नानांना विचारलं.

"पंडित जमादार तुम्हीच ना?"

मला तर तिथेच उभं राहून टाळी वाजवावीशी वाटली.

"मीच. तू कोण?"

"नूतन. लोटू पवारची मुलगी."

नाना खुर्चीत सरळ झाले. डोळे बारीक झाले, आणि तोंडातून नाव-गाव-फळ-फूल निघावं तसं निघालं, "लोटू. पांडेसरा. छपाईच्या जाळ्या. एक्क्याऐंशी साल, ऑगस्टचा दुसरा सोमवार, दुपारी बारा ते एक." मग माझ्याकडे वळून अभिमानानं, "बघितलं? चौदा वर्षं झाली."

"आम्हालाही चौदाच झाली," नूतन म्हणाली.

तिनं उभ्यानंच सांगितलं. रिंग रोडवरच्या एका साडीच्या पेढीवर ती फोन घ्यायला बसते. कुंदन नावाचा एक मुलगा, सचिनला रसायनाच्या कारखान्यात आहे. दोघांनी ठरवलंय. लोटूची ना नाही. पण कुंदनचा बाप धुडकू म्हणतो, जाळीफाड्याची पोरगी माझ्या घरात येणार नाही. आणि नुसतं म्हणून थांबला नाही, कुंदनसाठी शहाद्याची मुलगीही बघून ठेवलीय. कानबाईचा सण झाला की बोलणी करायला तिकडे जाणार.

"म्हणजे वीसेक दिवस आहेत," ती म्हणाली. "माझ्या बाबांचं नाव तुम्ही लिहिलंत. आता तुम्हीच खोडा."

"पोरी, मी खरं ते लिहितो. खोडायला मी काय पाटीवर लिहिलंय?"

"मग सिद्ध का नाही केलंत?"

ती माझ्याकडे बघून, "काका, पाणी मिळेल का?" म्हणाली, आतून वहिनींनी आणून दिलेलं पाणी प्याली आणि गेली.

मग मी नानांना पिळून सगळं काढून घेतलं. तेवढं मला जमतं.

एक्क्याऐंशी साली पांडेसऱ्याच्या एका छपाईच्या मिलमध्ये सत्तर दिवस संप चालला होता. साड्यांवर तेव्हा हातानं छपाई व्हायची. लाकडी चौकटीला बारीक जाळी ताणलेली, जाळीवर डिझाईन, वरून रंग ओढायचा. अशा दोनशेच्या वर जाळ्या, सगळ्या दिवाळीच्या मालाच्या, मिलमधल्या एका खोलीत रचून ठेवल्या होत्या. सत्तर दिवसांनी दोन्ही बाजू थकल्या. समेट ठरला. सोमवारी चार वाजता सह्या व्हायच्या होत्या. आणि त्याच दिवशी बारा ते एकच्या मध्ये, पहारेकरी जेवायला गेला असताना, कुणीतरी मागच्या खिडकीतून शिरून एकूण एक जाळी पात्यानं फाडून ठेवली. शेठनं सही करायला नकार दिला. मिलला कुलूप लागलं. दोन वर्षांनी उघडली तेव्हा पाटी नवी आणि माणसंही नवी.

"आणि लोटूच का?"

"तो जाळ्या धुणारा. खोली त्याच्या पायाखालची. शिवाय आदल्याच दिवशी गेटसमोर सगळ्यांच्या देखत ओरडला होता, 'यांची दिवाळी फाडून टाकीन.' पण तेवढ्यावर मी कुणाला धरत नाही. मी त्याला विचारलं, बारा ते एक कुठे होतास? म्हणाला, लिंबायतला माझ्या दोस्ताच्या, हिलालच्या घरी, कानबाईचे रोट खात होतो." नाना हसले. "तिथे तो फसला."

"फसला कसा? रोट खाणं गुन्हा आहे?"

नानांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. मी साताऱ्याचा, मला काय कळणार. मग समजावून सांगितलं. कानबाई खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. सुरतेत तापीवर. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या म्हणजे रोट. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचंच पीठ करायचं, आणि ते रोट भाऊबंदांतच संपवायचे. परक्या कुळातल्या माणसाला तुकडा मिळत नाही.

"हिलाल पाटील, हा पवार. कूळ वेगळं, गाव वेगळं. कोण घालेल त्याला रोट? माझे साहेब भावनगरचे. ते म्हणाले, जमादार, माणूस सणाला जेवायला गेला असेल की. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला नाही कळायचं. खानदेशी माणसाची लबाडी खानदेशीच पकडणार." नानांनी मिशीवरून हात फिरवला. "लोटूला घेऊन गेलो हिलालच्या दारात. त्याच्या बायकोला विचारलं. ती नाही म्हणाली. आणि लोटू तिथल्या तिथे कबूल झाला की मी खोटं बोललो."

"जाळ्या फाडल्याचंही कबूल झाला?"

"ते नाही झाला. साक्षीदार नाही, पातं सापडलं नाही. सोडावा लागला. पण खोटारडा तो खोटारडाच."

आणि लोकांनी बाकीचा निकाल लावला. लोटूचं आता पांडेसऱ्यात सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या मिलवाल्यांपैकी कुणाची सायकल त्याच्या दारात पंक्चर झाली, तर ती ढकलत पुढच्या चौकात नेतात, पण त्याच्याकडे देत नाहीत. धुडकूनं म्हणे एकदा भर उन्हात, मागे बायको चालत असताना, मैलभर ढकलली होती.

मी घरी जाऊन हे सगळं मंगलाला सांगितलं. तिनं भाजी ढवळता ढवळता विचारलं, "पण खोटंच बोलायचं तर माणूस पटेल असं खोटं बोलेल ना? जे कुणाला पटणारच नाही असं खोटं कोण सांगतं?"

हे मी दुसऱ्या दिवशी नानांना माझं म्हणून सांगितलं. नाना म्हणाले, "हे मंगलाताई बोलल्या." पुढचे दोन आठवडे मी रोज चहाच्या वेळी लोटूचं नाव काढायचो. नाना रोज म्हणायचे, फाईल बंद आहे. पण एका बुधवारी मी बँकेतून येताना पाहिलं, तर नाना पांडेसऱ्याच्या बसमधून उतरत होते. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, सायकल बघायला. नानांना सायकल चालवता येत नाही.

मग तो शुक्रवार आला. परवा कानबाई. नानांच्या घरात चादरी धुऊन झालेल्या, पितळ चकचकीत झालेलं. मी चहाला बसलो होतो. सुंदरावहिनी जमिनीवर बसून कोठीतला गहू परातीत घेत होत्या, एकेक नाव मनातल्या मनात पुटपुटत. नाना समोर बसून पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता. माणसाची सवय जाते का? वहिनींचा हात परातीवर किती वेळा आला ते डोळे मोजतच होते.

"अगं, चार कशा झाल्या?"

वहिनींचा हात थांबला.

"घरात पुरुष तीन," नाना म्हणाले. "मी, आपला लखन आणि लखनचा मुलगा. चौथी मूठ कुणाची?"

"तुम्ही पेपर वाचा."

"सुंदरा, चौथी कुणाची?"

"मुकुंदभाऊंची," वहिनी म्हणाल्या आणि खुशाल पाचव्यांदा हात घातला. ती बहुधा रागाची मूठ होती, कारण लगेच परत कोठीत टाकली.

मला ठसका लागला. मग हळूहळू उजेड पडला. दर श्रावणात एका सोमवारी माझ्यासाठी झाकलेली ताटली वर येते. त्यात जाड पोळी आणि खीर. वर निरोप, "हे फक्त भाऊंनीच खायचं, मंगलाताईंसाठी वेगळं दिलंय." मला वाटायचं, वहिनींना माझ्या खाण्याचं कौतुक. मंगलाला वाटायचं ते मी इथे सांगत नाही. आणि प्रत्यक्षात मी दरवर्षी कानबाईचे रोट खात होतो! डी-स्टाफच्या जमादाराच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर बसून!

"किती वर्षं चाललंय हे?" नानांचा आवाज एकदम ठाण्यातला झाला.

"चौऱ्याऐंशीपासून. लखनला टायफॉईड झाला तेव्हा तुम्ही बंदोबस्ताला होतात. दहा दिवस सिव्हिलमध्ये त्याच्या उशाशी कोण बसलं?"

"म्हणून नियम मोडायचा?"

"मोडला कुठे? न मोजता दिला असता तर मोडला असता. मी आधी त्यांच्या नावानं मूठ घेते, देवीला सांगते की हा माझ्या घरातलाच, मग देते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तुमच्या आईला सांगितलं असतं. सासूबाई असेपर्यंत माझ्या गळ्यावर सुरी ठेवली असती तरी मी कबूल झाले नसते."

वहिनी परात उचलून आत गेल्या. मी नानांची फिरकी घ्यायला तोंड उघडलं होतं. सदतीस वर्षं वगैरे वाक्य जिभेवर तयार होतं. पण नानांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. पेपर मांडीवर पडला होता. चहावर साय धरली होती.

पेपरची घडी घालत म्हणाले, "मुकुंदराव, हिलालची आई त्या दिवशी उंबऱ्यावर बसली होती."

दुसऱ्या दिवशी शनिवार, माझी बँक अर्धा दिवस. दुपारी नानांना स्कूटरवर मागे घेऊन लिंबायतला गेलो. नानांनी राखाडी सफारी घातला होता. मी म्हटलं, नाना, निदान आज तरी शर्ट घाला. म्हणाले, ज्या कपड्यांत गेलो होतो त्याच कपड्यांत जातो.

हिलाल दारातच होता. लूमवर काम करून अर्धवट बहिरा झालेला, उंच, वाकलेला. सफारी पाहून त्याचा हात आपोआप सलामाला उठला आणि मध्येच थांबला. त्याची बायको उषाबाई आत समया घासत होत्या. नानांनी इकडचं तिकडचं काही केलं नाही. समोर मांडी घालून बसले, आणि माझ्या कानांवर विश्वास बसणार नाही इतक्या मऊ आवाजात म्हणाले,

"उषाबाई, संपाच्या साली कानबाईला किती मुठी घेतल्या होत्या?"

"चार," उषाबाई म्हणाल्या. जणू कालची गोष्ट.

"हिलालची एक. पोरांच्या दोन..."

"अन् एक लोटूभाऊनी." समई खाली ठेवली. "चौदा वरीस झाये नाना. माले कोन्ही इचारंच नही."

"मी विचारलं होतं ना."

"तुम्ही?" उषाबाईंचा आवाज चढला, आणि मला समजावं म्हणून की काय, त्या अहिराणीतून मराठीत आल्या. "तुम्ही विचारलंत, 'बाई, परक्याला तू रोट घातलास असं होईल तरी का?' तीन शिपाई दारात. सासू उंबऱ्यावर, त्याच वर्षी गावाहून कानबाईसाठी आलेली. उत्तर तुम्हीच सांगितलंत. मी नुसती मान हलवली."

मग सगळं आलं. संपात लोटूनं बायको आणि लहानगी नूतन गावी पाठवली होती. दोन महिने तो याच चुलीवर जेवत होता. "रोज जेवणाऱ्या माणसाला सणाच्या दिवशी जा म्हणू? मी सासू यायच्या आधीच त्याच्या नावाची मूठ घेऊन ठेवली." सोमवारी अकराला सगळे तापीवरून परतले. सासू परस्पर मोठ्या जावेकडे गेली ती संध्याकाळी आली. बाराला लोटू आणि हिलाल शेजारी शेजारी बसून रोट जेवले. लोटू तीन वाजेपर्यंत ओट्यावर घोरत होता. मग समेटाच्या सह्या बघायला म्हणून मिलच्या गेटवर गेला, आणि तिथेच नानांच्या हाती लागला.

"तुम्ही त्याला घेऊन आलात. मी मान हलवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि म्हणाला, 'मी खोटं बोललो जमादारसाहेब.'" उषाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "त्यानं माझी लाज राखली. मला वाटलं, चार दिवसांत सुटेल, मिटेल."

हिलाल खालमानेनं बोटं मोडत होता. "मीबी गप बसलो," म्हणाला. "आई नव्वद साली गेली. तोवर फार उशीर झाला होता."

"धुडकूसमोर सांगाल?" नानांनी विचारलं.

"सांगेन. पण एकटी नाही. तुम्हीही सांगायचं. मी काय उत्तर दिलं ते मी सांगेन, तुम्ही काय विचारलंत ते तुम्ही सांगा."

परत येताना उधन्याच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मी आरशात पाहिलं. म्हटलं, "नाना, न सांगितलं तरी चालेल. उषाबाईंचं पुरेल." मी हे चिडवायला म्हटलं की खरंच, ते मलाही नक्की माहीत नाही. नाना म्हणाले, "फाटक उघडलंय. गाडी काढा."

कानबाई आली, गेली. मंगळवारी संध्याकाळी आम्ही सगळे पांडेसऱ्यात धुडकूच्या घरी जमलो. धुडकू म्हणजे ठेंगणा, भक्कम, कपाळावर कायमची आठी. मिल बंद झाल्यावर त्यानं तीन वर्षं पर्वत पाटिया भागात साडीच्या गाठींची हातगाडी ओढली, ती आठी तिथली. कुंदन दाराशी उभा होता. नूतन त्याच्यापासून बरोबर चार फुटांवर, म्हणजे फार ठरवून. आणि कोपऱ्यात, बोलावलं म्हणून आलेला आणि केव्हा एकदा जातो असं झालेला लोटू. हाताला ग्रीस. बारीक, पिकलेला. हिलाल-उषाबाई आत आले तसा तो उठून उभा राहिला.

"बसा," धुडकू म्हणाला. "जमादार, काय असेल ते लवकर बोला. गुरुवारी मला शहाद्याला जायचंय."

नानांनी घसा साफ केला. "सदर गुन्ह्याच्या तपासाअंती असं निष्पन्न..."

"माणसासारखं बोला," धुडकू म्हणाला.

मला हसू आलं, ते मी रुमालात घातलं. नाना थांबले. मग माणसासारखं बोलले. "लोटू खरं बोलला होता. मी मानलं नाही. मला वाटलं, आपल्या लोकांचं मला सगळं माहीत आहे. साहेबांना काही माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं असतं तर नीट विचारलं असतं. मी विचारलंच नाही, मी सांगितलं." मग उषाबाईंनी सांगितलं, न रडता, चारही मुठी बोटांवर मोजून. हिलालनं मान हलवून साक्ष दिली.

धुडकू लोटूकडे बघत होता. लोटू जमिनीकडे.

"मग जाळ्या फाडल्या कुणी?"

"माहीत नाही," नाना म्हणाले.

"माहीत नाही?"

"नाही. शेठच्या माणसानं, दुसऱ्या युनियनच्या माणसानं, कुणीही असेल. मी लोटूच्या मागे लागलो, तोवर खरा माणूस घरी जाऊन झोपला. आता नाही सापडायचा. लोटूनं नाही फाडल्या, एवढंच सांगू शकतो."

"मग चौदा वर्षं मी शिव्या कुणाला घातल्या?" धुडकू ओरडला. "रोज! गाडी ओढताना रोज! एक दिवस चुकवला नाही!"

त्या शिव्यांची जागा त्याच्याकडे एकदम रिकामी झाली होती, आणि त्यानं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. आत गेला, बाहेर आला. शेवटी म्हणाला, "तोंडी चालायचं नाही. जुने मिलवाले विचारतील, भाऊबंद विचारतील. लिहून द्या."

नानांच्या जिवात जीव आला. लिहिणं हे त्यांचं राज्य. कुंदननं वहीतला कागद फाडून दिला. नानांनी गुडघ्यावर पाट ठेवला आणि पंचनामा घातला. तारीख, वार, वेळ, ठिकाण. पंच क्रमांक एक धुडकू, पंच क्रमांक दोन मी. आयुष्यात पहिल्यांदाच नानांनी असा पंचनामा लिहिला असेल, ज्यात कसूर करणाऱ्याच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव होतं. 'तपास करणार जमादार यांनी प्रश्न चुकीचा विचारला' हे वाक्य लिहिताना पेन थोडं अडलं. मी म्हटलं, "शाई संपली का नाना?" त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याला बघणं म्हणायचं की मारहाण, हा प्रश्न आहे. पण वाक्य पूर्ण केलं.

सही करून कागद धुडकूपुढे सरकवला. धुडकूनं पेन हातात घेतलं आणि तसाच बसला.

"अजून एक ओळ लिहा," तो म्हणाला. "माझी. ब्याऐंशी साली संक्रांतीच्या दिवशी उधना दरवाज्याला मी लोटूच्या तोंडावर थुंकलो होतो. पोरगी हात धरून होती त्याचा. ती ओळ लिहा."

कुंदननं बापाकडे असं पाहिलं, जणू आज पहिल्यांदा बघतोय. नूतनचे ते चार फूट एकदम आठ झाले. नानांनी विचारलं नाही, नुसतं लिहिलं.

आणि तेव्हा लोटू बोलला. संध्याकाळभरात पहिल्यांदा.

"ती ओळ खोडा."

"राहू दे," धुडकू म्हणाला. "खरी आहे."

"खरी आहे. पण हा कागद माझ्या घरात राहणार ना? व्याह्याची थुंकी घरात फ्रेम करून लावू का मी?"

व्याही हा शब्द मध्ये येऊन पडला होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. धुडकूची आठी हलली. गेली नाही, चौदा वर्षांची ती, पण हलली. त्यानं मान खाली घालून नानांना खूण केली. नानांनी ती ओळ आडवी खोडली, खोडलेल्या जागी नियमाप्रमाणे बारीक सही केली, आणि धुडकूनं खाली आपलं नाव गुजरातीत काढलं, कारण त्याला तेवढंच लिहिता येतं. मी पंच क्रमांक दोन, मीही सही केली.

धुडकू उठून लोटूशेजारी जमिनीवर बसला. खांद्याला खांदा लागेल इतका जवळ नाही, पण एकाच चटईवर.

"दिवाळीच्या आत सुपारी फोडू," तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "शहाद्याला मी कळवतो. जमेल ना?"

"पोरीला विचारा," लोटू म्हणाला.

"विचारलंय," दारातून कुंदन म्हणाला. "तीन वर्षं झाली."